तुमच्या उंचीचं स्टूल

१२ फेब्रुवारी, दुपार

भाऊजी,

नमस्कार, खुशाली वगैरे जे काय असेल ते तुम्ही आपलं आपण समजून घ्या. मी रागावलेली आहे. फोनवर तुम्ही "हो वहिनी, बरं वहिनी" करता आणि लगेच फोन लेकीच्या हातात देता. पत्राला मध्येच "हो हो" म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

माणूस हवापालटाला जातो तेव्हा परत कधी येणार ते सांगून जातो. तुम्ही बॅग भरलीत, ड्रमवर जुनी चादर घातलीत, ती चारी बाजूंनी नीट खोचलीत आणि लेकीकडे निघून गेलात. ती खोचलेली चादर बघूनच मी ओळखलं, हे काही चार दिवसांचं जाणं नाही. तुमचे दादा म्हणतात, धुळीसाठी घातली असेल. धाकट्या भावाच्या बाबतीत ते पहिल्यापासून भाबडे.

आणि झालं काय होतं एवढं? रविवारी दुपारी हॉलमधल्या नाचाच्या कार्यक्रमात एक गाणं मंदावलं. बस, एवढंच. गायिकाबाईंनी गाता गाता मान वळवून मागे बघितलं. कीबोर्ड वाजवणाऱ्या आपल्या बँकवाल्यांनी भुवया वर केल्या. दादांची गिटार मध्येच अडखळली. तुम्ही गाणं कसंबसं शेवटाला नेलंत, काठ्या ड्रमवर ठेवल्यात आणि सामान बांधताना दादांना म्हणालात, "पाय गेले माझे." पुढच्या रविवारच्या आत तुम्हीच गेलात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुमच्या शेजारी उभी राहून बास गिटार वाजवतेय मी. मला निदान एक वेगळं वाक्य मिळायला हवं होतं.

तुमचं स्टूल मधल्या खोलीत खिडकीजवळ ठेवलंय. काळजी करू नका, स्क्रूला कुणी हात लावलेला नाही. ड्रमवाल्याच्या स्टूलची उंची बदलायची नाही, हा आपल्या बँडचा एकमेव नियम, जो सगळ्यांनी पाळला. हॉलच्या वायरमनने एकदा दिवा बदलायला ते घेतलं आणि गरागरा फिरवून वर चढवलं, तर तुम्ही सबंध कार्यक्रम तोंड फुगवून वाजवला होतात. आता दादा त्यावर पेपर ठेवतात, पण बसत नाहीत.

मी मजेत आहे. रोज सकाळी अर्धा तास वाजवते. बोटं एकदम छान आहेत. आमच्या कामाचं तर तुम्हाला माहीतच आहे, लोक दात पाडून घ्यायचे काही थांबत नाहीत, त्यामुळे कवळ्यांच्या लॅबमध्ये अर्धा दिवस का होईना, मालक मला सोडत नाही.

पायांना तेल लावत चला.

तुमची रागावलेली,
वहिनी


१८ मार्च, सकाळ, लॅबमधून

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. दोन ओळी हवेच्या, एक ओळ दादांच्या खांद्याची. बँडबद्दल अवाक्षर नाही. इतकं आखडतं तर तुम्ही रागावल्यावरही बोलत नाही.

साचे वाळताहेत तोवर लिहिते. तुमच्या जागी नवा मुलगा आलाय. मुलगा म्हणजे चाळिशीचा आहे, पण आपल्यात मुलगाच. दिवसा औषधाच्या दुकानात असतो. वाजवताना दोन्ही कान झाकणारे मोठे हेडफोन घालतो, म्हणून मी त्याचं नाव कानटोपी ठेवलं. त्यात त्याला टिकटिक ऐकू येते आणि तो त्या टिकटिकीला धरून वाजवतो. वाजवतो छान हो. वागायलाही गोड. माझा अ‍ॅम्प न सांगता उचलतो, काकू म्हणतो. पण त्याचा गुडघा हलत नाही. सगळं काम घोट्यातून. गुडघा घरी ठेवून आल्यासारखा बसतो.

त्याने परवा विचारलं, काकू, तुम्ही बासकडे कशा आलात? मी सांगितलं त्याला. म्हटलं, मी नवी नवरी होते, बँडचा बासवाला नोकरी लागून दुसऱ्या गावी गेला, कार्यक्रम तोंडावर आला होता. सगळे डोकं धरून बसले, तेव्हा आमचे कॉलेजात जाणारे भाऊजी म्हणाले, "वहिनीला देऊ, चारच तर तारा आहेत." मी म्हटलं, तारा तर कपडे वाळत घालायच्याही असतात, म्हणून काय गाणी निघतात का? तर तुम्ही मला ड्रमच्या डाव्या बाजूला उभं केलंत आणि म्हणालात, तारांकडे बघू नका, बोटांकडे बघू नका, माझ्या उजव्या गुडघ्याकडे बघा, तो खाली गेला की वाजवा. कानटोपी खूप हसला. त्याला वाटलं, ही सुरुवातीची गंमत असेल.

आता तुम्हाला खरं सांगते. मी आजवर तेच करत आलेय. सूर शिकले, गाणी पाठ झाली, पण वाजवायचं कधी ते मी तुमच्या गुडघ्याला विचारूनच ठरवलं. आता मी कानाने वाजवते आणि मला उशीर होतो. आधी मला कळत नाही, मग दादांच्या चेहऱ्यावरून कळतं. ते काही बोलत नाहीत. मागच्या रविवारी मात्र घरी येताना म्हणाले, "जरा पुढे राहिलीस तर बरं." तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या दादांचं "जरा" म्हणजे काय असतं ते. माझा पहिला स्वयंपाक त्यांना "जरा" खारट लागला होता आणि ते तीन तांबे पाणी प्यायले होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढं वजन खांद्यावर अडकवून तासन्‌तास उभं राहायचं हे वय नाही, बसून वाजवा. घरी आल्यावर दादांनी तुमचं स्टूल आणून माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, ते भाऊजींचं आहे. त्यांनी ते उचलून परत खिडकीजवळ नेलं. तुम्ही हसाल, पण बासवाली बसली की म्हातारी झाली, असं मला वाटतं. तुम्ही जन्मभर बसूनच वाजवलंत, तुम्हाला काय कळणार त्यातलं दुःख.

साचे वाळले. लेकीला आशीर्वाद. तिला म्हणावं, बाबांना रोज चालायला ने.

वहिनी


२० एप्रिल

भाऊजी,

आज चिडवाचिडवी नाही.

पहिल्या पत्रात मी रोज वाजवते म्हणून लिहिलं होतं, ते खोटं आहे. तुम्ही गेल्यापासून घरी मी बास हातात घेतलेली नाही. ती कपाटामागे उभी आहे, तोंड भिंतीकडे करून. फक्त तालमीला आणि रविवारी तिला बाहेर काढते, वाजवते आणि परत ठेवते. बोटंही छान नाहीत. सकाळी उठल्यावर मधलं बोट वाकतच नाही. कोमट पाण्यात धरून ठेवते, तेव्हा कुठे ते कामाला लागतं. लॅबमध्ये मेणाचं काम चालतं, कारण मेण मऊ असतं. जाड तार काही मऊ नसते.

परवा तालमीत मी दोनदा चुकले. एकाच जागी. तेव्हा बँकवाले अगदी प्रेमाने म्हणाले, "वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुम्हाला जड जात असेल तर बास मी कीबोर्डवर डाव्या हाताने सांभाळून घेईन."

डाव्या हाताने, भाऊजी. माझं आख्खं आयुष्य त्यांच्या डाव्या हातात मावतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. गायिकाबाई माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. त्यांच्या कवळीतून "स" म्हणताना शिट्टी यायची, ती मीच घासून घासून घालवली, आणि ही गोष्ट मी आजवर तुमच्या दादांनाही सांगितली नव्हती. पण त्या पर्समध्ये काहीतरी शोधत बसल्या.

दादा घरी आल्यावर म्हणाले, तू ठरव. तू सोडलीस तर मीही सोडतो. हे अजून वाईट. त्यांची गिटार माझ्यापायी बंद पडायला नको आहे मला.

तसं बघितलं तर मी का वाजवते, हेच मला सांगता येत नाही. टाळ्या गायिकाबाईंना पडतात, थोड्या दादांना. तुम्ही निदान शेवटी धडाधड वाजवून लोकांना उठवता. बासवालीला कोण बघतं? चांगली कवळी बसली की तोंडात आहे हे माणूस विसरतो, तसंच हे काम. पण मला ते आवडतं हो. आपण दोघं एका ठोक्यावर पडलो की पायाखालची फळी थरथरते आणि ती थरथर टाचेतून वर येते. त्यासाठीच तर मी स्टेजवर चपला काढून उभी राहते. गेले कित्येक रविवार फळी थरथरलेली नाही.

म्हणून एकच विचारते, आणि याचं उत्तर हवेच्या दोन ओळींत देऊ नका. त्या दिवशी गाणं मंदावलं ते माझ्यामुळे ना? माझं बोट त्याच सुमारास आखडायला लागलं होतं. तुम्हाला ते दिसलं असणार, तुम्हाला सगळं दिसतं. तुम्ही मला सांभाळायला मागे आलात आणि मग "पाय गेले" म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतलंत, असं मला आता रोज वाटतं. तसं असेल तर स्पष्ट सांगा. मी बास ठेवून देते, आणि तुम्ही परत या. दोघांपैकी एकाला तरी वाजवता येतंय, तर ते वाया का घालवायचं?

दादा प्रत्येक कार्यक्रम रेकॉर्ड करतात. त्या दिवसाचंही आहे त्यांच्याकडे. मी मागून घेतलंय, पण ऐकायचा धीर होत नाही.

वहिनी


९ मे, दुपार

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून शेवटी ऐकलं.

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत कानात घालून बसले. मनाशी ठरवलं होतं, माझी चूक नेमकी कुठे आहे ती शोधायची, तुम्हाला लिहून कळवायची आणि मोकळं व्हायचं. एकदा ऐकलं. मग परत ऐकलं. डबा तसाच राहिला. मालक येऊन म्हणाला, बाई, कुणी गेलं का? म्हटलं, नाही, मी कुणालातरी शोधतेय आणि तो सापडत नाहीये.

भाऊजी, गुन्हेगार सापडतच नाही. गायिकाबाई पुढे पळताहेत, बँकवाले त्यांच्यामागे धावताहेत, दादा मध्ये लोंबकळताहेत, ते सगळं स्वच्छ ऐकू येतं. पण तुमचा पाय आणि माझी तार यांच्यात फट नाही. मी कान टवकारून ऐकलं, कुठे मी आधी मागे पडतेय, कुठे तुम्ही. कुठेच नाही. गाणं मंद झालंय हे खरं, पण ते तुमचंही झालंय आणि माझंही, एकाच वेळी, एकाच मापाने.

माझ्या कानांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून कानटोपीकडे गेले. त्याने ते कॉम्प्युटरवर घालून मोठं करून बघितलं. मला वाटलं, आता हा भिडेखातर काहीतरी बोलेल. त्याने तीच जागा मागेपुढे करून पुन्हा पुन्हा बघितली. मग म्हणाला, "काकू, कोण आधी मंदावलं ते सांगताच येत नाही. ठरवून कुणाला असं जमणार नाही." आणि हेडफोन काढून हातात घेऊन बसला बिचारा.

म्हणजे बघा, आपण दोघं बरोबरच म्हातारे झालोय, पावलाला पाऊल लावून. आणि मी इथे आणि तुम्ही तिथे, न केलेले गुन्हे पोटात घेऊन बसलोय.

पण याच्यापुढचं ऐका. त्याच रेकॉर्डिंगमध्ये खाली आणखी एक आवाज आहे, खसखस, खसखस. आधी वाटलं, मशीन बिघडलंय. मग कळलं, ते हॉलमध्ये नाचणाऱ्यांचे पाय आहेत. आपले नेहमीचे, जोडीजोडीने येणारे. ते गायिकाबाईंबरोबर नाहीत, बँकवाल्यांबरोबर नाहीत. ते आपल्याबरोबर आहेत. गाणं मंदावलं तसे तेही मंदावलेत, आणि कुणीही थांबलेलं नाही. मग मी मागच्या महिन्याचं रेकॉर्डिंग मागून घेतलं, कानटोपीचं. त्याच गाण्याला मध्यावर खुर्च्या सरकल्याचे आवाज येतात. लोक बसताहेत, भाऊजी.

रविवारी मी मुद्दाम बघत राहिले. निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या बाई, ज्यांनी आपलं एकही गाणं कधी सोडलं नाही, ते दुसऱ्या कडव्याला बाजूला होऊन घाम पुसत होते. मध्यंतरात पोस्टमास्तर माझ्याकडे आले. म्हणाले, "ते तुमचे ड्रमवाले कधी येणार? हा मुलगा चांगलाच आहे, पण हिच्या गुडघ्यांना झेपत नाही. त्यांचं वाजवणं आम्हाला बरोबर बसायचं."

मी बँकवाल्यांना आणि गायिकाबाईंना बसवून दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. बँकवाले शेवटी म्हणाले, म्हणजे घाई आमचीच होती म्हणायची. मी म्हटलं, घाई तुमची नाही, तुम्ही अजून साठीचे झाला नाहीत एवढंच. डाव्या हाताचा विषय त्यांनी परत काढला नाही. गायिकाबाईंनी मला घरी केलेला केक पाठवला. तो त्यांना स्वतःला चावता येतो की नाही हे मी विचारलं नाही.

आता माझं. मी कपाटामागून बास काढली. जाड तारा उतरवून पातळ घातल्या. सकाळी बोटं कोमट पाण्यात, मग एक गाणं, पूर्ण, आणि तेवढंच. दुसरं सुरू करायचा मोह झाला तरी ठेवून देते, म्हणजे उद्याही हात लावावासा वाटतो. आणि हो, मी बसून वाजवायला लागले. जाहीर झाले म्हातारी. दादांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून दिली. तिला हात आहेत, बासची दांडी त्यांच्यावर आपटते आणि मी वर्गात बसल्यासारखी दिसते. तुमचं स्टूल समोर रिकामं आहे, पण ते मी घेणार नाही. ते तुमच्या उंचीवर आहे.

उरलेला मे महिना हॉल लग्नांना दिलाय, जूनच्या पहिल्या रविवारपासून कार्यक्रम परत नेमाने सुरू होताहेत. कानटोपी म्हणतो, वेगाची गाणी मी वाजवतो, नाचाची काकांनी वाजवावीत, मला त्यांचा गुडघा बघायचाच आहे. दादांनी ड्रमवरची चादर काढून धुवायला टाकली. मला न सांगता.

मला तुम्ही हवे आहात, भाऊजी. बँडला हवे आहात ते वेगळं. मला हवे आहात.

तुमची,
वहिनी


२३ मे

वहिनी,

तुमचं एप्रिलचं पत्र आलं तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा हवेवर गाडी गेली, म्हणून पाठवलं नाही. पत्र लिहिणं हे तुमचं काम, आमचं काम ठोकायचं.

त्या दिवशी मला पक्कं वाटलं होतं की पाय माझा मंदावला आणि मला उघडं पडू द्यायचं नाही म्हणून तुम्ही मागे आलात. तुम्ही पहिल्यापासून माझ्या गुडघ्याकडे बघून वाजवत आलात. आता तो गुडघाच खोटं सांगायला लागला, तर तुमचंही वाजवणं बिघडणार. दादा मला कधी काढणार नाहीत, तुम्ही तर नाहीच. मग आपणच उठून गेलेलं बरं, असं ठरवलं. तुम्ही तिकडे बास भिंतीकडे तोंड करून ठेवली असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आलं असतं तर मी गेलो नसतो.

तुमचं हे पत्र लेकीने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मला मध्येच दिसेनासं झालं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही जेवायच्या टेबलाखाली रोज पाय आपटत असता, शेजारीण विचारून गेली, घरात सुतारकाम चाललंय का म्हणून. मला खरंच माहीत नव्हतं. मग काल मुद्दाम लक्ष दिलं. त्याच गाण्याला आपटत होतो, आणि त्याच मंद लयीत. ती लय चांगली आहे, वहिनी. आपण तरुण असताना ते गाणं उगाचच पळवत होतो.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने पोचतो. दादांना स्टेशनवर पाठवू नका, त्यांचा खांदा दुखतोय आणि तरी ते बॅग उचलतील. कानटोपीला पाठवा, ओळखही होईल.

ती खुर्ची स्वयंपाकघरात परत नेऊन ठेवा. हात असलेल्या खुर्चीत बसून बास वाजत नसते. खिडकीजवळचं स्टूल घ्या. माझ्यासाठी इथून दुसरं आणतोय, दुकानात बघून ठेवलंय. जुन्याचा स्क्रू जरा घट्ट आहे, तर आधी तेल सोडा, आणि मग फिरवून तुमच्या उंचीला लावून घ्या.

भाऊजी